चालत्या गणितात हात घालावा का?

स्वयंपाकाच्या दोन पद्धती आहेत. एक कुकरची. डाळ-तांदूळ धुवायचे, पाणी मोजून घालायचं, झाकण लावायचं आणि शिट्ट्या मोजत बसायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी काही करता आलं नसतं. वाफ जिरून झाकण उघडलं की मग कळणार, भात गिच्च झालाय की कच्चा राहिलाय. दुसरी पद्धत कढईची. रस्सा रटरटतोय, तुम्ही मधेच चव घेताय, मीठ कमी वाटलं तर चिमूटभर घालताय, खाली लागायला लागलं तर गॅस बारीक करताय.

तर मंडळी, जगातले बहुतेक सुपरकॉम्प्युटर आजही कुकर पद्धतीने वापरले जातात. हे बरोबर आहे का, आणि कढई पद्धत आणायची तर काय किंमत मोजावी लागते, हा आजचा वीकेंडचा विषय.

ज्यांचा या भानगडीशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिम्युलेशन म्हणजे पाण्याचा प्रवाह, हृदयातली वीज, कृष्णविवरांची टक्कर किंवा पुढच्या चार दिवसांचा पाऊस यांची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवत पुढे जाणं. जागेचे बारीक बारीक चौकोन पाडायचे, काळाचेही बारीक तुकडे पाडायचे आणि एकेक तुकडा पुढे सरकायचं. या सरकण्याला टाइमस्टेप म्हणतात, मी इथे सरळ पायरी म्हणेन. चौकोन कोट्यवधी असतात, एका मशीनला ते झेपत नाही, म्हणून हजारो प्रोसेसरना वाटून द्यायचे. हे झालं पॅरलल. सोसायटीतल्या फ्लॅट्ससारखं समजा. प्रत्येकजण आपापल्या घरात काम करतो, पण भिंतीपलीकडे काय चाललंय हे शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कोणालाच पुढची पायरी घेता येत नाही.

पुणेकरांना पॅरलल हा शब्द तसा नवा नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवला तो याच तत्त्वावर, बरेच छोटे प्रोसेसर एकत्र जोडून. मशीन पॅरलल झालं, पण वापरायची पद्धत मात्र तीच राहिली: जॉब टाका, रांगेत उभे रहा, संपला की उत्तर घेऊन जा. पंचकार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत देऊन दुसऱ्या दिवशी छापील कागद घेऊन जायचे दिवस संपून जमाना झाला. आता गठ्ठ्याऐवजी स्क्रिप्ट आणि खिडकीऐवजी स्लर्म आहे, एवढाच काय तो फरक!

आमचा एक मित्र एका इंजिनियरिंग कंपनीत (नाव कशाला!) सीएफडी करतो, म्हणजे पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहांची सिम्युलेशनं. एका पंपाचं काम होतं. ६४ कोअर घेतले, शुक्रवारी रात्री आठला जॉब सुरू झाला. शनिवारी पहाटे चारच्या सुमारास बाहेर जाणारं पाणी उलटं आत यायला लागलं. बाहेर पडायचं तोंड गणितात जरा जवळच ठेवलेलं होतं, त्यामुळे भोवरा त्या तोंडाशीच अडकला. प्रोग्राम काही कोसळला नाही. तो बिचारा इमानदारीत पुढच्या पायऱ्या मोजत राहिला. सोमवारी सकाळी दहाला मित्राने चित्र काढून बघितलं तेव्हा पहिल्या दोन सेकंदांत त्याला कळलं की हे सगळं फुकट गेलंय. ५४ तास गुणिले ६४, म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार कोअर-तास. वर त्या कंपनीत नियम असा, की चालू जॉबला कोणी हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही. “सिक्युरिटी,” असं उत्तर मिळतं.

दोन सेकंदांत कळलं, हे महत्त्वाचं आहे. मित्र काही जादूगार नाही. पण त्याने अशी शेकडो चित्रं बघितलेली आहेत, आणि माणसाचा डोळा असल्या बाबतीत फार तयार असतो. प्रश्न एवढाच, की तो डोळा शनिवारी पहाटे चार वाजता, किंवा निदान नऊ वाजता चहा पिताना, त्या आकड्यांपर्यंत पोचू का शकत नव्हता?

आता तुम्ही म्हणाल, साडेतीन हजार कोअर-तासांनी असं काय मोठं बिघडतं? ठीक आहे, मोठं मशीन घेऊ. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतला ‘फ्रंटिअर’ २०२२ मध्ये एक्झाफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांचा टप्पा ओलांडणारा यादीतला पहिला सुपरकॉम्प्युटर ठरला. त्याला वीज लागत होती सुमारे २१ मेगावॅट. म्हणजे तासाला २१ हजार युनिट. महिन्याला २०० युनिट वापरणारी शंभर घरं महिनाभर जेवढी वीज वापरतील, तेवढी त्या मशीनच्या एका तासात संपते. असल्या मशीनवर निरर्थक जॉब रात्रभर चालू राहणं हा लोकांच्या पैशाचा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट साठवणीची. समजा प्रत्येक बाजूला १००० असे एकूण १०० कोटी चौकोन आहेत. प्रत्येकात वेगाचे तीन आकडे, एक दाब, एक तापमान, असे पाच आकडे, प्रत्येकी आठ बाइट. एका पायरीचे झाले ४० जीबी. दहा हजार पायऱ्या साठवायच्या तर ४०० टीबी. कोणी साठवत नाही. शंभरातली एक पायरी डिस्कवर लिहितात, उरलेल्या ९९ वाऱ्यावर. म्हणजे ‘आधी सगळं चालवू, मग निवांत बघू’ असं म्हणणाऱ्याला मुळात सगळं बघायला मिळतच नाही. चालू असताना बघणं ही चैन नाही, बऱ्याच वेळा तेवढीच एक संधी असते.

हे मला आज सुचलं असं अजिबात नाही. १९८७ मध्ये मॅककॉर्मिक, डीफांटी आणि ब्राऊन यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी वैज्ञानिक चित्रांकनावर एक अहवाल संपादित केला. शास्त्रज्ञांना नुसतं उत्तर नंतर बघायचं नसतं, गणित चालू असताना ते बघायचं असतं आणि वळवायचंही असतं, हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे. या वळवण्याला पुढे कॉम्प्युटेशनल स्टिअरिंग हे नाव रुळलं.

मग बऱ्याच जणांनी ते करून दाखवलं. युटा विद्यापीठात ख्रिस जॉन्सन आणि स्टीव्हन पार्कर यांनी १९९५ च्या सुमारास ‘स्कीरन’ नावाची प्रणाली उभी केली. शरीरातल्या विजेच्या गणितांसाठी तिचा वापर झाला. हृदयाला झटका देणाऱ्या डीफिब्रिलेटरचे इलेक्ट्रोड कुठे बसवायचे? इलेक्ट्रोड जरा सरकवायचा, विजेचा प्रवाह कसा बदलतो ते बघायचं, पुन्हा सरकवायचा. हेच काम रांगेत जॉब टाकून केलं तर प्रत्येक सरकवण्याला एक दिवस!

इलिनॉय विद्यापीठात क्लाउस शुल्टेन यांच्या गटाने २००१ मध्ये याहून गमतीशीर गोष्ट केली. रेणूंचं सिम्युलेशन एका पॅरलल मशीनवर चालू, चित्र पडद्यावर, आणि हातात एक यांत्रिक दांडा. दांडा ओढला की पडद्यावरचा रेणू ओढला जातो, आणि त्या रेणूला होणारा विरोध तुमच्या हाताला जाणवतो. पेशीच्या आवरणात ग्लिसरॉल आत घेणारं एक नळीसारखं प्रथिन असतं, त्यातून वेगवेगळे रेणू ढकलून बघायचे. कुठे सहज जातोय, कुठे अडकतोय, कुठल्या बाजूने वळवला तर सरकतोय, हे हाताला कळतं. आकड्यांच्या तक्त्यातून ते कळायला किती वेळ लागेल विचार करा.

आणि ब्रिटनमधला ‘रिअॅलिटीग्रिड’ प्रकल्प. पीटर कव्हनी आणि त्यांचे सहकारी तेल, पाणी आणि साबणासारखा पदार्थ यांच्या मिश्रणाचं सिम्युलेशन करत होते. योग्य प्रमाण जमलं की त्या मिश्रणात जायरॉइड नावाची एक सुंदर जाळीदार रचना आपोआप तयार होते. पण योग्य प्रमाण कोणतं? ते चालत्या जॉबकडे बघायचे. काही होत नाहीसं दिसलं की बंद. काही रंजक दिसलं की तिथली पूर्ण स्थिती साठवायची (याला चेकपॉइंट म्हणतात) आणि तिथून दोन-तीन फांद्या काढून वेगवेगळ्या प्रमाणांनी पुढे जायचं. २००३ मध्ये त्यांनी अमेरिकेतले आणि ब्रिटनमधले सुपरकॉम्प्युटर अटलांटिकपलीकडून जोडून हे काम १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ एवढ्या जाळ्यापर्यंत नेलं.

मग प्रश्न पडतो, इतकं सगळं २००३ पर्यंत झालेलं असताना आमचा मित्र सोमवारपर्यंत डोळे मिटून का बसला होता?

याचं एक कारण तांत्रिक आहे, आणि ते बाहेरून वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. आपण आयटीवाले पटकन म्हणतो, “त्यात काय, एक व्हेरिएबल तर बदलायचाय!” बघा हं. समजा नळात येणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर आहे, तो तुम्हाला ३ करायचाय. तुमचा निरोप हजार प्रोसेसरकडे निघाला. पण हे हजारही जण एकाच क्षणी एकाच पायरीवर नसतात. कोणी ५००० व्या पायरीवर, कोणी ५००१ व्या पायरीला सुरुवात केलेली. अर्ध्या सोसायटीने नवा वेग धरला, अर्धी अजून जुन्यावर. या दोघांच्या मधल्या भिंतीवर एक खोटी उडी तयार होते आणि लाटेसारखी पसरते. प्रोग्राम तक्रार करत नाही. चित्र तर झकास दिसतं. फक्त ती लाट निसर्गात कुठेही नाही.

उपाय आहे, आणि तो सोसायटीसारखाच आहे. निरोप घ्यायचा एकट्या सेक्रेटरीने, म्हणजे शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरने. त्याने सगळ्यांना सांगायचं, “५०१० व्या पायरीपासून नवा वेग.” आणि सगळ्यांनी त्याच पायरीला एकदम बदल करायचा. पण त्यासाठी अधूनमधून सगळ्यांना थांबून विचारावं लागतं, काही निरोप आहे का? हजारो जणांनी थांबायचं म्हणजे सगळ्यात हळू असलेल्याची वाट बघायची. दर पायरीला विचारलं तर काम रेंगाळतं, फार क्वचित विचारलं तर स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी दहा मिनिटांनी वळणार.

दुसरी अडचण गणिताची. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेव्ही यांनी १९२८ मध्येच दाखवलं होतं की काळाची पायरी आणि चौकोनाचा आकार यांचं एक नातं पाळावं लागतं. एका पायरीत माहिती जेवढं अंतर जाते त्यापेक्षा चौकोन फार लहान असून चालत नाही, निदान साध्या पद्धतींमध्ये तरी. वेग दुप्पट केलात आणि पायरी निम्मी केली नाहीत, तर थोड्या वेळात आकडे आभाळाला भिडतात. तिसरी अडचण सरासरीची. प्रोग्राम सुरुवातीपासून प्रवाहाची सरासरी काढत असतो. मधेच वेग बदलला आणि सरासरी पुन्हा शून्यापासून सुरू केली नाही, तर हाती काय येणार? अर्धं दूध, अर्धं ताक.

म्हणजे चालत्या गणितात कुठेही हात घालून चालत नाही. कुठे घालता येईल हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच ठरवून ठेवायला हवं. याचं मला आवडलेलं उदाहरण ‘कॅक्टस’चं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत पॉट्सडॅमच्या आइन्स्टाइन संस्थेत कृष्णविवरांच्या गणितांसाठी ही चौकट वाढली. नावाला जागून तिच्या मधल्या भागाला गर आणि बाकीच्या मोड्यूल्सना काटे म्हणतात! त्यातला एक काटा चालू सिम्युलेशनलाच वेबसर्व्हर बनवतो. तुम्ही ब्राउझर उघडायचा, सिम्युलेशन कुठल्या पायरीवर आहे ते बघायचं, हवं तर थांबवायचं. आणि प्रत्येक पॅरामीटरपुढे प्रोग्रामरला लिहिता येतं: कधीच बदलायचा नाही, कधीही बदलला तरी चालेल, किंवा फक्त चेकपॉइंटवरून पुन्हा सुरू करताना बदलायचा. काहीच लिहिलं नाही तर अर्थ ‘कधीच नाही’.

मला वाटतं, सगळ्या वादाचं उत्तर या तीन शब्दांत बरंचसं आहे. हात लावायचा की नाही हा एकच मोठा प्रश्न नाहीये. कशाला, कधी आणि कोणाच्या परवानगीने, हे शंभर छोटे प्रश्न आहेत, आणि ते शांत डोक्याने आधी सोडवता येतात.

आता खरा आक्षेप. माझ्या ओळखीचे एक भौतिकशास्त्राचे सर आहेत. त्यांच्यासमोर हा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “हे बघ, तू जे म्हणतोयस त्याला मी प्रयोग म्हणणार नाही. तुम्ही लोक हवं ते उत्तर येईपर्यंत मुरडत बसणार, आणि आलं की म्हणणार, बघा, निसर्ग असाच आहे!”

सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रेणू हाताने ओढायचं ते उदाहरण घ्या. रेणूंच्या सिम्युलेशनची एक पायरी एक-दोन फेम्टोसेकंदांची असते. आपण पडद्यासमोर दांडा काही सेकंद ओढतो, तेवढ्यात रेणूच्या जगात जेमतेम काही पिकोसेकंद जातात. इतक्या कमी वेळात काही हलायचं तर जोर निसर्गातल्यापेक्षा खूपच जास्त लावावा लागतो. मग रेणू ज्या वाटेने गेला ती त्याची वाट की माझ्या मनगटाची? रिअॅलिटीग्रिडमध्येसुद्धा ‘रंजक दिसलं’ हे कोण ठरवतो? माणूसच. जे त्याला रंजक वाटलं नाही ते त्याने बंद केलं, आणि बंद केलेल्या फांद्या कोणी मोजल्या नाहीत तर उरलेलं चित्र एकतर्फी होणार.

पण सरांना मी विचारलं, “सर, तुमच्या लॅबमध्ये तुम्ही नॉब फिरवत नाही का?” फिरवतात की! दिवसभर फिरवतात. तापमान वाढव, लेसर सरकव, नमुना बदल. लॅबमधल्या नॉबवर कोणी आक्षेप घेत नाही, कारण शेजारी वही असते. किती वाजता, कुठला नॉब, किती, आणि का, हे वहीत लिहिलेलं असतं. निदान असायला हवं.

आमच्या सिम्युलेशनवाल्यांकडे नॉब आला, पण वही आली नाही. सगळी गोम इथे आहे.

आणि वही का हवी याची गोष्ट १९६१ मध्येच घडून गेली आहे. एमआयटीत एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं एक छोटं गणित रॉयल मॅकबी कंपनीच्या एलजीपी-३० या मशीनवर चालवत होते. एक जुना भाग पुन्हा बघावा म्हणून त्यांनी मधल्या एका ओळीतले आकडे छापील कागदावरून टाइप केले आणि तिथून पुढे मशीन चालू केलं. कॉफी पिऊन आले तर नवं हवामान जुन्यापेक्षा पार वेगळं. मशीनच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर जागा वाचवायला छापलेला ०.५०६. मधूनच गणित उचलून पुढे नेणं म्हणजे एका अर्थाने स्टिअरिंगच. केऑसचं एक मोठं दार त्यातून उघडलं, त्यांचा प्रसिद्ध लेख १९६३ चा. पण लक्षात घ्या, हे उघडू शकलं कारण फरक नेमका कुठून आला हे त्यांना शोधता आलं. आज हजारो प्रोसेसरवर चालणाऱ्या जॉबमध्ये कोणीतरी दुपारी तीनला एक आकडा बदलला आणि कुठे लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी ते शोधणार कोण? त्यात पॅरलल मशीनवर बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचे आकडे बदलू शकतात. ‘साधारण असंच काहीतरी केलं होतं’ याला इथे काडीचीही किंमत नाही.

तर माझं मत असं. चालत्या सिम्युलेशनला हात लावायचा हक्क असावा, पण तो तीन पायऱ्यांनी द्यावा.

पहिला हक्क, बघण्याचा आणि थांबवण्याचा. हा सगळ्यांना, सगळीकडे, आजपासून. थांबवल्याने निकालात भेसळ होत नाही, वाया जाणारी वीज तेवढी वाचते. फक्त थांबवलेल्या जॉबचीही नोंद ठेवायची, का थांबवला ते लिहून. आमच्या मित्राला स्टिअरिंग नको होतं, ब्रेक हवा होता. एवढ्या चर्चेत ब्रेकबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण ब्रेकचा डेमो देखणा होत नाही.

दुसरा हक्क, फांदी काढण्याचा. चालू जॉबला धक्का न लावता चेकपॉइंट घ्यायचा आणि बदल दुसऱ्या प्रतीवर करायचा. मूळ खोड जसंच्या तसं राहतं, त्यामुळे ‘बदल केला नसता तर काय झालं असतं’ याचं उत्तर हातात असतं. महाग आहे, मान्य. पण बहुतेक वेळा मधेच आकडा बदलावासा वाटतो तेव्हा खरं तर आपल्याला तुलना हवी असते.

तिसरा हक्क, चालत्या जॉबमध्ये थेट बदल करण्याचा. हा ‘कॅक्टस’सारखा, आधी जाहीर केलेल्या पॅरामीटर्सपुरताच. आणि अट एकच: बदल हातून नाही, वहीतून व्हायला हवा. म्हणजे तुम्ही आधी नोंद करायची (कोण, कुठली पायरी, जुना आकडा, नवा आकडा, कारण), आणि प्रोग्रामने ती नोंद वाचून बदल करायचा. नोंद नाही तर बदल नाही. मग ती वही तशीच्या तशी पुन्हा चालवली की सगळे बदल त्याच पायऱ्यांवर पुन्हा घडतात.

आणि सरांच्या आक्षेपावरचं माझं उत्तर: शोधताना हवा तेवढा हात घाला, पण निकाल म्हणून जो जॉब छापाल त्यात हात घालू नका. कढईत चव घेत घेत रेसिपी ठरवा, मग ती रेसिपी लिहा, आणि पाहुण्यांसमोर ती लिहिल्याप्रमाणे, न चाखता, करून दाखवा. तेव्हाही जमली तरच ती खरी. बंद केलेल्या फांद्यांची संख्यासुद्धा निकालाबरोबर द्यायची.

“मग हवामान खातं काय करतं?” असं कोणी विचारेल. चांगला प्रश्न आहे. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला, २०२४ मध्ये ‘अर्क’. अंदाजाच्या मॉडेलला उपग्रह, फुगे, वेधशाळा यांची ताजी निरीक्षणं ठरावीक वेळाने देऊन वास्तवाकडे ओढलं जातं. हेसुद्धा वळवणंच. पण इथे ‘मला वाटतंय मुंबईत आज पाऊस जास्त पडणार’ म्हणून कोणी आकडा ढकलत नाही. मॉडेलवर किती विश्वास, निरीक्षणावर किती, हे आधी ठरलेल्या नियमाने होतं, आणि तो नियम सगळ्यांना तपासता येतो. माणसाच्या अनुभवाला जागा आहे, पण ती अंदाज हाती आल्यावर त्याचा अर्थ लावताना.

मग हे सगळीकडे का होत नाही? तांत्रिक अडचणी वर सांगितल्या, पण मला वाटतं त्याहून मोठं कारण रांग आहे. रांगेतला जॉब कधी सुरू होईल हे रांग ठरवते. पहाटे तीनला सुरू झाला तर स्टिअरिंगवर बसणार कोण? मशीन रिकामं राहू नये यावर सगळी व्यवस्था बेतलेली आहे, माणूस रिकामा राहिला किंवा झोपला असला तरी चालेल. ‘आमचं मशीन ९५ टक्के वेळ बिझी असतं’ हे अभिमानाने सांगितलं जातं. बिझी कशात, हे कोणी विचारत नाही. मित्राचे ते ५४ तासही त्या अहवालात ‘बिझी’ म्हणूनच गेले असणार.

बरं, यासाठी दांडे, गॉगल, अटलांटिकपलीकडची केबल असलं काही लागतच नाही. ओपनफोम वापरणाऱ्यांना माहीत असेल, त्यात एक साधी टेक्स्ट फाइल असते, कंट्रोलडिक्ट. त्यात एक ओळ ‘यस’ ठेवली की प्रोग्राम चालू असताना ती फाइल बदलली तर तो पुन्हा वाचतो. ‘आता लिही आणि थांब’ असंही त्यात सांगता येतं. ती फाइल गिटमध्ये टाका, बदल केला की कमिट करा, कमिटच्या मेसेजमध्ये कारण लिहा. झाली तुमची वही! पॅराव्ह्यूवाल्यांचं कॅटॅलिस्ट आहे, ते चालत्या जॉबच्या पोटातूनच चित्र काढून देतं, ४० जीबी डिस्कवर न लिहिता. दर तासाला एक छोटं चित्र कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडलं, तरी निम्मी लढाई जिंकली.

जाता जाता एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त सतावते. आता स्टिअरिंगवर माणूसच असेल असं नाही. २०१९ पासून ‘डीपड्राइव्हएमडी’सारख्या कामांत मशीन लर्निंगचं मॉडेल रेणूंच्या अनेक चालू सिम्युलेशनांवर लक्ष ठेवतं, साचलेल्या बंद करतं, आणि जिथे काही नवीन दिसतंय तिथून नव्या सुरू करतं. पहाटे तीनचा प्रश्न सुटला, हा गडी झोपत नाही. पण सरांचा आक्षेप होता तिथेच आहे, उलट वाढलाय. माणसाला निदान विचारता येतं, बाबा रे, तुला हे रंजक का वाटलं? मॉडेल रात्रीत हजार फांद्या छाटेल, आणि सकाळी आपल्याला उरलेल्या दहा छान छान दिसतील. छाटलेल्यांची नोंद नसेल तर आपण निसर्ग बघतोय की मॉडेलची आवड, हे कळायला काही मार्ग नाही.

म्हणून वहीची सवय आत्ताच लावून घ्यायला हवी, हात माणसांचे आहेत तोवर. तुमच्यापैकी कोणी सिम्युलेशनच्या धंद्यात असेल, तर सोमवारी ऑफिसात गेल्यावर दोनच प्रश्न विचारा. चालू जॉब बघून थांबवता येतो का? आणि कोणी मधे काही बदललं तर ते कुठे लिहिलं जातं? उत्तरं काय मिळाली ते मलाही कळवा.